विद्यापीठामुळे गावात काय बदललं, हे गावासोबत बसून कसं शोधायचं?

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहात. पीएचडीचा विषय विद्यापीठांचा ग्रामीण समाजावरचा परिणाम हा आहे आणि मार्गदर्शकांनी सहभागी संशोधन पद्धती (म्हणजे लोकांनाच सोबत घेऊन शोध घ्यायची पद्धत) वापरा असं सुचवलंय. दत्तक घेतलेल्या पाच गावांत ४०० प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आणि प्रत्येक गावात पीआरएचा (सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाचा, म्हणजे गावकऱ्यांनी स्वतः काढायचा) एकेक नकाशा काढायचा, असा तुमचा बेत आहे. एवढं पुरेल का, कोणती साधनं घ्यावीत, आणि झालेला बदल विद्यापीठामुळेच झाला हे सिद्ध कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय आरआरसीसमोर, म्हणजे पीएचडीचा आराखडा मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीसमोर, हे टिकेल का, ही धाकधूक आहेच.

मी बरीच वर्षं मराठवाड्यात आणि विदर्भात सहभागी मूल्यमापनाचं काम करते. बहुतेक वेळा स्वयंसेवी संस्थांसाठी, अधूनमधून विद्यापीठांसाठीही. त्या कामावरून सांगते: तुमच्या बेतात खोट नाही, क्रम उलटा आहे.

प्रश्नावली आधी नेली की परिणाम कशाला म्हणायचं हे तुम्ही आणि मार्गदर्शकांनी विभागात बसून ठरवून टाकलेलं असतं. प्रशिक्षणाला हजर होतात का, सुधारित वाण वापरता का, उत्पन्न वाढलं का. समोरचा माणूस तिन्हीला हो म्हणेल. तो खोटं बोलतो असं नाही. सर एवढ्या लांबून आलेत, मागच्या हिवाळ्यात पोरांचं सात दिवसांचं शिबिर झालं होतं, पुढेही काहीतरी येईल. दारात आलेल्या पाहुण्याला कडू शब्द कोण ऐकवणार? अशा ४०० होकारांची टक्केवारी निघते, आलेखही छान येतात, पण विद्यापीठ तिथे नसतं तर काय वेगळं झालं असतं याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे तुमच्यापुढचा खरा प्रश्न साधनं कोणती हा नाही. परिणाम कशाला म्हणायचं हे कोण ठरवणार, आणि काहीच झालं नाही किंवा नुकसान झालं असं कुणाला म्हणायचं असेल तर ते म्हणायला जागा कुठे आहे, हा आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. ज्या संस्थेचा परिणाम तपासायचा तिथेच तुमची नोकरी आहे का, अहवाल पुढे नॅकच्या (महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या परिषदेच्या) फाइलीत जाणार आहे का, यावर लोक किती मोकळं बोलतील ते अवलंबून राहील. तुमचं आडनाव, तुम्ही गावात कुणाच्या घरी उतरता, सोबत बाई सहकारी आहे की नाही, यावरही. वेळेचं तर आहेच. हातात तीन-चार महिने असतील तर पाच गावं सोडा, एकच गाव आणि एकच धागा घ्या. दीड-दोन वर्षं असतील तर दत्तक घेतलेली दोन आणि त्याच पट्ट्यातलं दत्तक न घेतलेलं एक, एवढी तीन गावं भरपूर झाली. पाच गावांत सहभागी काम एकट्याने होत नाही. ते पाच गावांच्या भेटीगाठी होऊन बसतं.

आधी कागदोपत्री काय असतं ते बघू. उन्नत भारत अभियान २०१४ मध्ये सुरू झालं, त्यात संस्था गावं दत्तक घेतात. राष्ट्रीय सेवा योजना तर १९६९ पासून आहे. नॅकला विस्तारकार्याचे अहवाल लागतात, हजेरीपट लागतात, जिओटॅग केलेले फोटो लागतात. हे सगळं कार्यक्रम झाल्याचा पुरावा आहे. कार्यक्रमानंतर काय झालं याचा त्यात मागमूस नसतो. ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये २०१४ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात संशोधनाच्या सामाजिक परिणामाला पहिल्यांदा २० टक्के वजन दिलं, २०२१ मध्ये ते २५ टक्के केलं. तिथेही परिणामाची प्रकरणं विद्यापीठं स्वतःच निवडतात आणि स्वतःच लिहितात. फसलेलं काम सहसा कुणी पाठवत नाही. सहभागी पद्धतीचा उपयोग इथेच आहे. ती निवड विद्यापीठाच्या हातून काढून घेते.

म्हणून पहिल्या बैठकांमध्ये विद्यापीठाचं नाव काढू नका. लपवाछपवी करायची असं नाही. तुम्ही कोण, कशासाठी आलात, कुणाचे पैसे आहेत हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. पण पहिला प्रश्न एवढाच: तुमच्या आठवणीत, तुमच्या घरात, शिवारात, गावात काय काय बदललं? लोक सालं लक्षात ठेवत नाहीत, घटना ठेवतात. म्हणून जमिनीवर एक लांब रेघ ओढायची आणि तिच्यावर त्यांच्या खुणा मांडायच्या: बहात्तरचा दुष्काळ, त्र्याण्णवचा भूकंप, लातूरला रेल्वेने पाणी आलं ते २०१६ साल. मग बदल त्या खुणांच्या आधी-नंतर आपोआप बसत जातात. खडू गावकऱ्यांच्या हातात राहिला पाहिजे. ब्रिटिश विकास-अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी पीआरएच्या मांडणीत सगळा भर यावरच दिला होता: काठी, खडू समोरच्याच्या हाती द्यायचा आणि आपण बाजूला बसायचं. विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून आणलेल्या नकाशाला पीआरए म्हणत नाहीत.

बदलांची यादी झाली की चिंचोके वाटा. ज्या बदलाने जगणं सर्वांत जास्त हललं त्यावर जास्त चिंचोके. मग एकेक बदल हातात घेऊन मागे चला. हे कुठून आलं? तुम्हाला कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? असं चार-पाच पायऱ्या मागे गेलं की कुठे विद्यापीठ दिसतं, कुठे दिसत नाही. आणि दिसतं ते बरेचदा भलत्याच जागी. गावातल्या एकाने बीएस्सी ॲग्री केलं आणि नोकरी न मिळाल्याने तालुक्याला कृषी सेवा केंद्र टाकलं. आता अख्खा शिवार त्याच्या काउंटरवर विचारून फवारणी करतो. विद्यापीठाचं ज्ञान गावात आलं ते शिबिरातून नाही, या काउंटरवरून आलं, आणि दुकानात कोणता माल पडून आहे, कंपनी कशावर कमिशन देते, हे सगळं त्यात मिसळून आलं. प्रश्नावलीत हा रस्ताच नसतो. दुसरीकडे, मुलींची परीक्षा संपण्याची वेळ आणि शेवटच्या एसटीची वेळ जुळत नाही म्हणून दोघींनी कॉलेज सोडलं, हाही विद्यापीठाचाच परिणाम आहे. त्यासाठी कुठला विस्तार विभाग लागला नाही, एक वेळापत्रक पुरलं.

एक उदाहरण जरा तपशिलात सांगते, कारण तुमचा तिसरा प्रश्न, म्हणजे विद्यापीठामुळेच झालं हे कसं दाखवायचं, तो यातून उलगडतो. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही सोयाबीनच्या बियाण्याचा माग काढला. गावात वाणाला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही. तीनशे पस्तीस, एकाहत्तर, सातशे सव्वीस, एवढंच. तीनशे पस्तीस म्हणजे जेएस-३३५, जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा, १९९४ मध्ये प्रसारित झालेला. एकाहत्तर म्हणजे परभणीचा एमएयूएस-७१. सातशे सव्वीस म्हणजे केडीएस-७२६, फुले संगम. तो सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या केंद्राचा, म्हणजे राहुरी विद्यापीठाचा. गाव ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, म्हणजे परभणीच्या, त्याचा वाण तिथे तिघांतला एक. मराठवाड्यात ज्वारी-कापूस मागे सरून सोयाबीन पसरलं त्यात जबलपूरच्या वाणाचा मोठा हात आहे आणि जबलपूरच्या कुठल्याही हजेरीपटावर या गावाचं नाव सापडणार नाही. परिणाम कार्यक्षेत्राच्या हद्दीत थांबत नाही. हे एकदा लक्षात आलं की 'अमुक विद्यापीठाचा दत्तक गावांवरील परिणाम' हे शीर्षकच डळमळायला लागतं.

माग काढायला एका ओसरीवर खडूने घरं मांडली आणि बियाणं कुठून कुठे गेलं त्याच्या रेघा ओढत गेलो. सोयाबीन स्वपरागीत पीक आहे, घरचं बियाणं पुन्हा पेरता येतं, त्यामुळे ते हातोहात फिरतं आणि त्याची कुठे पावती नसते. पुरुष मंडळी सांगत होती की सगळं तालुक्याच्या दुकानातून आलं. तेवढ्यात दाराशी बसलेल्या एक काकू पुढे आल्या, खडू घेतला आणि गावाच्या बाहेर एक गोल काढून तिथून स्वतःच्या घरापर्यंत रेघ ओढली. "हे दुकानातलं नाही. दिवाळीला माहेरी गेले होते, येताना भावाने दिलं." त्यानंतर आणखी बायकांनी आपापली माहेरं काढली. काढणी दिवाळीच्या आसपास आटोपते, लेकी माहेरी जातात त्याच सुमाराला, आणि परत येताना पिशवीतून नवा वाण येतो. विद्यापीठ ते शेतकरी असा जो सरळ बाण आपण अहवालात काढतो, तो त्या फरशीवर कुठेच नव्हता. सोयरिकीच्या रेघा होत्या, आणि त्या दत्तक गाव आणि बिगरदत्तक गाव अशी सीमा ओळखत नव्हत्या.

त्याच बैठकीत उगवण चाचणीचा विषय निघाला. ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवायचे, किती उगवले ते मोजायचे, ७० पेक्षा कमी असतील तर बियाणं जास्त लागणार हे समजायचं. कृषी खातं आणि विद्यापीठं दोघंही हे शिकवतात. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर सगळी पुरुषांची नावं. घरात गोणपाट कोण ओलं करतं, रोज कोण बघतं, दाणे कोण मोजतं? बायका. हजेरीपटावरून निवडलेल्या लोकांना प्रश्नावली दिली असती तर ही चाचणी ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापर्यंत आम्ही पोचलोच नसतो. हे टाळायचं असेल तर बायकांची बैठक वेगळी घ्या. ती देवळात किंवा ग्रामपंचायतीत नको, कुणाच्या तरी अंगणात घ्या, आणि वेळ त्यांना विचारून ठरवा. खुरपणीच्या दिवसांत दुपारी बैठक ठेवणं म्हणजे त्यांची मजुरी बुडवणं. तुमच्यासोबत जे गावकरी सहसंशोधक म्हणून काम करतील त्यांना रोजच्या मजुरीएवढे पैसे तरी द्या. संशोधनाच्या अंदाजपत्रकात झेरॉक्सला तरतूद असते आणि यांना नसते, हे मला पटत नाही.

आता वेळापत्रकाबद्दल. तुमच्या जिल्ह्यासाठी ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, तरी बहुतेक अभ्यासांत ती निसटते. महाविद्यालयांना सोयीचा काळ डिसेंबर-जानेवारी असतो. शिबिरं तेव्हाच, क्षेत्रकार्य तेव्हाच. बीडच्या गावांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांच्या फडावर निघून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. म्हणजे तुम्ही हिवाळ्यात गेलात तर गावातली सर्वांत गरीब घरं कुलूपबंद असतात आणि तुमचा नमुना आपोआप जमीनवाल्यांचा होतो. विद्यापीठाची शिबिरं याच घरांना कधी दिसत नाहीत, तेही याच कारणाने. म्हणून एक फेरी एप्रिल-मे मध्ये करा. ऊन असतं, बैठका रात्री जेवणं झाल्यावर घ्याव्या लागतात, पण त्याला पर्याय नाही. तोडणीला गेलेल्या घरांतल्या मुलांचं शिक्षण कुठे तुटलं, वस्तीशाळेपासून पदवीपर्यंत कोण पोचलं, हा धागा तुमच्या विषयाचा गाभा होऊ शकतो. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नव्हता, म्हणून मुद्दाम सांगते.

मिश्र बैठकांवर फार विसंबू नका. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचंच बघा. १९५८ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी हजारो लोक विद्यापीठ गेटला वंदन करायला येतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी त्या विद्यापीठात कधी प्रवेश घेतलेला नसतो. या विद्यापीठाने समाजाला काय दिलं, असं त्यांना विचारलं तर येणारं उत्तर पीक, उत्पन्न, रोजगार अशा कुठल्याच रकान्यात मावणार नाही. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने तिथे सुरू केलेल्या महाविद्यालयाबद्दलही तेच. आता हाच प्रश्न तुम्ही गावाच्या चावडीत, सगळ्या वस्त्यांना एकत्र बसवून विचारलात तर काही जण गप्प राहतील, आणि तुमच्या टिपणात 'गावाचं एकमत' असं लिहिलं जाईल. त्या गप्प राहण्याचा अर्थ लावायला वेगळी बैठक लागते, वस्तीतच, वस्तीतल्या माणसाने बोलावलेली. गावाचं एक मत असतं हे गृहीत धरून सहभागी संशोधन केलं की बलवानांचं मत गावाच्या नावावर चढतं. माझा याबाबतीतला आग्रह पक्का आहे: निदान तीन वेगळ्या गटांत बसल्याशिवाय कुठलंही विधान 'गावकऱ्यांच्या मते' असं लिहू नये.

परवानगीचंही असंच. संमतीपत्रावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं नसतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. तिथे अभ्यास गटात विषयाची चर्चा होते आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. बाहेरचा अभ्यासक अशा गावात गेला की आपल्या प्रश्नात गावाला काय रस आहे हे त्याला आधी सांगावं लागतं. तुमच्या गावात अशी परंपरा नसेल, तरी ग्रामसभेत विषय मांडा, नको म्हणायची मुभा द्या, आणि आमच्याही एका प्रश्नाचं उत्तर शोधा असं गाव म्हणालं तर तो प्रश्न अभ्यासात घ्या. त्यांचा प्रश्न बहुधा तुमच्यापेक्षा नेमका असतो.

साधनांचं थोडक्यात सांगते. कालरेषा, बियाण्यासारख्या एखाद्या गोष्टीचा माग, शिवारफेरी आणि सर्वांत महत्त्वाच्या बदलाच्या गोष्टी, एवढं तुम्हाला पुरेल. शेवटची पद्धत रिक डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात बांगलादेशातल्या एका ग्रामविकास कार्यक्रमासाठी घडवली. लोकांकडून बदलाच्या गोष्टी गोळा करायच्या. मग एक गट त्या मोठ्याने वाचतो, त्यांतली सर्वांत महत्त्वाची निवडतो आणि ती का निवडली ते लिहून ठेवतो. निवडलेली गोष्ट कामाची असतेच, पण निवडीची कारणं त्याहून कामाची. तुम्ही हे वस्तीतल्या बायका, शेतकरी आणि विद्यापीठातले प्राध्यापक अशा तीन गटांत करा, त्याच गोष्टींच्या त्याच गठ्ठ्यावर. प्राध्यापक कोणती उचलतात आणि बायका कोणती, यातली तफावत हे प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण होईल.

आता विद्यापीठामुळेच हे सिद्ध करण्याबद्दल. 'च' सोडून द्या. एका कारणाने गावात काही होत नाही. दाखवता येतं ते एवढंच की बदलात विद्यापीठाचा वाटा होता का, कुठल्या टप्प्यावर होता, आणि तो नसता तर साखळी तुटली असती का. त्यासाठी प्रत्येक बदलाला निदान दोन-तीन दुसरी कारणं मुद्दाम उभी करा आणि ती गावकऱ्यांसमोरच तपासा. सोयाबीन पसरलं ते वाणामुळे, की भाव चांगला होता म्हणून, की ज्वारीच्या काढणीला मजूर मिळेना म्हणून? जिथे विद्यापीठ पोचलंच नाही त्या शेजारच्या गावात काय झालं? तिथेही तेच झालं असेल तर तुमचा दावा ढिला पडला, तसं लिहा. कागद जुळवून बघा, पण कागदाची मर्यादाही ओळखा: सातबाऱ्यावर पीक कळतं, वाण कळत नाही. बियाणं विक्रीची नोंद दुकानापर्यंतच असते, माहेरच्या पिशवीची नसते. कृषी विज्ञान केंद्राच्या नोंदी, महाविद्यालयाचं प्रवेश रजिस्टर, लोकांचं सांगणं, ही तिन्ही जिथे जुळतात तिथे ठामपणे लिहा आणि जिथे फाटतात तिथे फाटतात असं लिहा.

प्रश्नावली आत्ता येते, सर्वांत शेवटी. बैठकांतून जे बदल, जे रस्ते, जे शब्द पुढे आले त्यांवरच तिचे प्रश्न बांधा, आणि भरून घेण्याच्या कामात गावातल्याच चार-सहा जणांना घ्या. ४०० हा आकडा कुठून आला असेल याचा अंदाज आहे: नमुना किती घ्यायचा हे काढायच्या यामाने यांच्या सूत्रात ५ टक्के चूक धरली की मोठ्या लोकसंख्येसाठी उत्तर ४०० च्या जवळ येतं. ते सूत्र यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. गावं सोयीने निवडायची, त्या दिवशी घरी सापडेल त्याला विचारायचं आणि वर सूत्र लिहायचं, यात सूत्राचा आधार उरत नाही. त्यापेक्षा एका गावातलं प्रत्येक घर घ्या. बैठकीत काढलेला सामाजिक नकाशा हीच तुमची घरांची यादी, कुलूपबंद घरंही तिच्यात आहेत.

निष्कर्ष गावात परत वाचून दाखवल्याशिवाय प्रबंध बांधायला टाकू नका. मराठीत, चार-पाच पानांत, मोठ्याने. लोक दुरुस्त्या सांगतात, वाद घालतात. जे मिटत नाही ते मतभेद म्हणून छापा. दुसरं वाचन विद्यापीठात करा, आणि तिथे फक्त विभागप्रमुखांना बोलावू नका. कंत्राटी कर्मचारी, खानावळ चालवणाऱ्या बाया, वसतिगृहातली मुलं, आणि कृषी विद्यापीठ असेल तर ज्यांच्या जमिनी परिसरासाठी संपादित झाल्या ते प्रकल्पग्रस्त, हेही विद्यापीठाने घडवलेल्या समाजातच येतात. विस्ताराच्या अहवालात त्यांचं नाव नसतं. त्या वाचनाला गावातले सहसंशोधक सोबत न्या, त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च धरून ठेवा, आणि मांडणी त्यांना करू द्या.

राहिली आरआरसी. समितीतले सदस्य बहुधा तीन गोष्टी विचारतील: गृहीतक काय, नमुना किती, सामान्यीकरण कसं करणार. याची तयारी आधीच करा. गृहीतकाऐवजी संशोधन-प्रश्न लिहा आणि त्याचं कारण एका परिच्छेदात द्या. नमुन्याच्या जागी दोन टप्पे दाखवा: पहिला गटबैठकांचा, दुसरा पूर्ण गावाच्या घरमोजणीचा, आकडे हवे असणाऱ्यांना दुसऱ्या टप्प्यात आकडे मिळतात. सामान्यीकरणाबद्दल विचारलं तर सांगा की टक्केवारी दुसऱ्या गावाला लागू होणार नाही, पण ज्ञान गावात पोचण्याचे जे रस्ते सापडतील, म्हणजे दुकान, सोयरीक, एसटीचं वेळापत्रक, ते दुसऱ्या गावात तपासून बघता येतील. सहभागी संशोधन नवखं आहे असा आक्षेप आला तर १९७७ ची कोलंबियातली कार्ताहेना परिषद आणि तिथले समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांचं काम सांगा, आणि आपल्याकडचं हवं असेल तर सत्तरच्या दशकातलं पालघरच्या भूमिसेनेचं, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या चळवळीचं. आणि आराखड्यातच हे वाक्य घाला की प्रश्नावलीचा अंतिम मसुदा पहिल्या टप्प्यानंतर ठरेल. ते राहून गेलं तर पुढे एकेक बदल करायला पुन्हा समितीसमोर जावं लागतं.